टेपपट्टीच्या दोन बाजू: इंदूरमधल्या एका चित्रपटाच्या प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२४ : पटकथा, तिसरा खर्डा

कथेचा पाया पक्का झाला. तिलक नगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट, गृहकर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर. दोघांनाही परस्परसंमतीने घटस्फोट हवा आहे, पण हप्ता भरून वर दुसऱ्या घराचं भाडं देणं कुणालाच झेपत नाही. म्हणून हॉलच्या मधोमध चिकटपट्टी मारून ते त्याच घरात वेगळे राहतात.

प्रकार तऱ्हेवाईक आहे, पण कायद्यात बसतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं की वेगळं राहायला दोन छपरं लागत नाहीत. एका घरात असूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसतील, तर ते वेगळंच राहणं. अख्खी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी असल्यामुळे तो कुठेही ढिला पडू द्यायचा नाही. विचित्र नाट्य रंगतं ते त्यातले नियम काटेकोर असतात म्हणून. पात्रांचं वागणं कितीही चमत्कारिक असो, त्यांच्या घराचे नियम प्रेक्षकाला तोंडपाठ व्हायला हवेत.

पुढचा पेच. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जासाठी सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत यावं लागतं. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालापासून ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, पण त्यासाठी पोटगी, मुलांचा ताबा, देणंघेणं सगळं खरोखर मिटलेलं असावं लागतं. आपल्या जोडप्याचं फ्लॅटवरून अडलेलं आहे, म्हणजे माफी नाही. हे वाक्य वकीलबाईंच्या तोंडी पहिल्या वीस पानांत आलंच पाहिजे. प्रेक्षकांत एखादा वकील असतोच, आणि त्याची चुळबुळ शेजारच्या चार खुर्च्यांना लागते.

शेवट त्याच १९९१ च्या निकालातून निघतो: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो.

२३ सप्टेंबर : घराचा करारनामा

फ्रिज तिच्याकडे, वायफायचा राउटर त्याच्याकडे. वॉशिंग मशीन तिचं, इन्व्हर्टर त्याचा. स्वयंपाकघर सात ते आठ तिचं, आठ ते नऊ त्याचं. मुख्य दार एकच, पण बेल दोन, दोन्ही चिमणीच्या आवाजाच्या. येणारा माणूस गोंधळून दोन्ही दाबतो. दूध हवं तर पासवर्ड द्यायचा, कपडे धुवायचे तर वीज गेल्यावर पंख्याची एक लाइन सोडायची. प्रत्येक प्रसंगाची सुरुवात यातला एक नियम मोडण्याने होते. ज्या प्रसंगात कुठलाच नियम मोडत नव्हता, असे सगळे प्रसंग काढून टाकले.

करारनामा फ्रिजवर चिकटवलेला दिसतो. त्याच्या तीन प्रती लागतील: नवी कोरी, तेलाचे डाग पडलेली, आणि कोपरा फाटून खाडाखोड झालेली. तिन्ही एकाच व्यक्तीच्या अक्षरात आणि एकाच पेनाने लिहून घ्यायच्या. खाडाखोड मात्र दुसऱ्याच्या अक्षरात, कारण ती नवऱ्याने केलेली आहे.

दोन गोष्टी पटकथेतून गेल्या. एक, नवऱ्याची वाक्यं परत बोलून दाखवणारा पोपट. आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, तो पिंजऱ्यात ठेवणंच बेकायदा. शिवाय चित्रपटात कुठलाही प्राणी वापरायचा तर पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. पोपटाचं काम त्या दोन बेलांकडे दिलं. दुसरी, बाल्कनीतली सिगारेट. धूम्रपान दिसलं की पडद्यावर खाली इशाऱ्याची ओळ येते, आणि त्या प्रसंगात दोघं गप्प उभी आहेत. शांततेवर ती ओळ नको. त्याच्या हातात आता शेंगदाण्यांची पुडी आहे.

६ ऑक्टोबर : रेकी (चित्रीकरणाच्या जागा बघणं)

लोकमान्य नगरातला फ्लॅट दिसायला चांगला होता, पण रेल्वेलाइन जवळ असल्याने गाडीचा भोंगा संवादात घुसतो. तिलक नगरातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पक्का केला. हॉल १० बाय १५ फूट, छत १० फूट, दक्षिणेला मोठी खिडकी. वर गच्ची असल्याने डोक्यावर कुणाची पावलं वाजत नाहीत.

शूटिंग डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. या काळात खरमास असल्याने लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे बँड, डीजे आणि वराती नाहीत. नोव्हेंबरात संध्याकाळी सहानंतर इंदुरात स्वच्छ आवाज मिळणं कठीण. सकाळची अडचण मात्र बाराही महिने सारखीच: महानगरपालिकेची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते. तिची या गल्लीतली वेळ विचारून घेतली. त्या अर्ध्या तासात संवाद नाहीत, फक्त हात, वस्तू आणि पावलांचे शॉट.

२० ऑक्टोबर : पट्टी

ही या चित्रपटातली तिसरी मुख्य भूमिका आहे, त्यामुळे पूर्ण आठवडा तिला दिला.

फरशी व्हिट्रिफाइड, दोन बाय दोन फुटांची. हॉल १० फूट रुंद, म्हणजे आडव्या पाच फरश्या. निम्मा भाग करायचा तर अडीच फरश्या होतात आणि पट्टी मधल्या फरशीच्या बरोबर पोटातून जाते. नवरा ती सांध्यावरून न्यायला बघतो, त्यात त्याला एक फूट जास्त मिळतो. बायको मोजटेप आणते. पहिलं भांडण इथेच होतं, आणि प्रेक्षकाला हॉलचा नकाशाही इथेच कळतो.

पट्टी कोणती, यावर बराच खल झाला. खाकी पॅकिंग टेप घरात असतेच, पण ती चकाकते. खिडकीचा उजेड तिच्यावर पडला की फ्रेममध्ये भगभगीत पांढरी रेघ उमटते. विजेची काळी टेप दोन दिवसांत आखडते आणि टोकं वर उचलली जातात. कापडी गॅफर टेप मॅट असते, निघतेही स्वच्छ, पण ती सामान्य माणसाच्या घरात कुठून येणार? रंगाऱ्याची ४८ मिलिमीटरची मास्किंग टेप ठरली. फ्लॅटला नुकताच रंग दिलाय असं कथेत आहे, त्यामुळे उरलेला रोल माळ्यावर असणं साहजिक. ती मॅट आहे, आणि पोचा मारल्यावर कडेने काळी पडते, जे आपल्याला हवंच आहे.

वर्षभराच्या गोष्टीत पट्टीच्या तीन अवस्था: ताजी, कडा काळवंडलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फाटून वर दुसरा तुकडा लावलेली. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, म्हणून वेळापत्रक प्रसंगांच्या क्रमाने न लावता पट्टीच्या अवस्थेप्रमाणे लावलं. आधी ताजीचे सगळे प्रसंग, मग पुढची. जुनी दाखवायला चहाच्या कोमट पाण्यात स्पंज बुडवून फक्त कडांवर फिरवायचा. मधोमध ओल गेली की कागद फुगतो आणि ते क्लोजअपमध्ये लगेच दिसतं. काढताना हेअर ड्रायरने गरम करून, जमिनीलगत तिरकी ओढायची. सरळ वर ओढली की गोंद फरशीवर राहतो. राहिलाच तर केरोसीनचा बोळा. पुन्हा लावताना जागा चुकू नये म्हणून दोन्ही भिंतींच्या स्कर्टिंगवर चायना पेन्सिलने (मेणाच्या, पुसता येणाऱ्या) बारीक खुणा केल्या आहेत.

१० नोव्हेंबर : कॅमेरा आणि प्रकाश

सेकंदाला २४ फ्रेम. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर किती वेळ उजेड पडतो ते ठरवणारा कोन, १७२.८ अंश. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. १८० अंशांवर शटर १/४८ सेकंद होतो आणि साध्या एलईडीखाली चित्र लवलवतं, १७२.८ वर तो १/५० होतो आणि लवलव जाते. तरीही स्वस्त बल्ब आणि डिमर असलेले दिवे भरवशाचे नाहीत. फ्रेममध्ये दिसणारे सगळे बल्ब बदलून ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) असलेले लावले.

सुपर ३५ आकाराच्या कॅमेरा सेन्सरवर ३५ मिमी लेन्सने दहा फूट रुंदी दिसायला सुमारे १४ फूट मागे जावं लागतं, २४ मिमीला साडेनऊ-दहा फूट पुरतात. त्यामुळे दोघं एका फ्रेममध्ये असतील तिथे २४, कॅमेरा बाल्कनीच्या दाराला टेकून. एकेकट्याला ५०. चौकट १.८५, म्हणजे रुंदी उंचीच्या १.८५ पट. आडवी लांबलचक चौकट घेतली तर माणसाचा चेहरा आणि पायाखालची पट्टी एकाच वेळी मावत नाहीत.

१८० अंशांची रेषा, म्हणजे दोन पात्रांमधली कॅमेऱ्याने न ओलांडायची रेषा, इथे कल्पनेतली उरलेली नाही. दोघं समोरासमोर उभी राहिली की नजरेची रेषा पट्टीवरून आडवी जाते. कॅमेरा सुरुवातीपासून या नजरेच्या रेषेच्या बाल्कनीकडच्या बाजूलाच राहील. ती फक्त एकदा ओलांडायची: तिला ताप येतो आणि तो विचार न करता पट्टी पार करून पाणी घेऊन जातो, तेव्हा. तोही कट न मारता, त्याच्यामागून चालत. त्याआधी चुकूनही रेषा ओलांडली तर त्या चालीतलं बळ गेलं.

वीज: घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तेराशे वॉटच्या वर भार नको. गीझरचं १६ अँपिअरचं सॉकेट लाइटसाठी घेतलं आणि गीझर बंद. दोन्ही एकदम चालू झाले की एमसीबी पडतोच.

२४ नोव्हेंबर : वाचन

संवाद इंदुरी मराठीतच राहतील. "तू परत माझ्या बाजूला चप्पल ठेवून राहिला" हे वाक्य पुण्याच्या वळणाचं केलं की त्यातला वैताग मवाळ होतो. भांडताना दोघं मराठी, कामवाल्या बाईंशी आणि चौकीदाराशी हिंदी, आणि पैशाचा विषय निघाला की आपोआप इंग्रजी आकडे. वाचनात नटांना एकच सूचना: विनोद करू नका. पट्टी, वेळापत्रक, दोन बेल हे त्यांच्यासाठी जगण्याचे प्रश्न आहेत. नटाने डोळा मिचकावला की प्रेक्षक त्या घरातून बाहेर पडतो.

१६ डिसेंबर : शूटिंग सुरू, आवाज

फ्रिज बंद केल्यावर गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची. काम संपल्यावर चावी शोधताना फ्रिज चालू करायची आठवण होते. सेटवरचा हा जुना नियम आहे आणि तो पाळला जातोय. पंखे बंद, मोबाइल विमान मोडवर.

छोट्या खोलीत लांब शॉटगन माइक भिंतींवरून परतणारा आवाज उचलतो, त्यामुळे हायपरकार्डिऑइड (आखूड, मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माइक बूमवर, म्हणजे लांब काठीवर. पलंगावरच्या गाद्या आणि रजया फ्रेमबाहेरच्या भिंतींना टेकवल्या की घुमणं निम्म्यावर येतं. रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा स्वतःचा आवाज, पट्टीच्या दोन्ही बाजूंचा वेगवेगळा घेतला, प्रत्येकी एक मिनिट. तिच्या बाजूला फ्रिजची घरघर (तेवढ्यापुरता तो चालू) आणि रस्ता, त्याच्या बाजूला नुसती भिंत. मिक्सिंगमध्ये हा फरक ठेवायचा आहे.

मंगळसूत्राचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. साडीच्या पदराखाली लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावला की वाटी आणि काळे मणी त्यावर आपटतात, आणि तो खट्‌खट् आवाज नंतर काढता येत नाही कारण तो नेमका शब्दांवर बसतो. उपाय: माइक ब्लाउजच्या कडेला डाव्या खांद्याकडे, वर मायक्रोपोरची (जखमेवर लावायच्या कागदी टेपची) दुहेरी घडी, आणि मंगळसूत्राची वाटी आतून चिकटपट्टीने साडीला टाचलेली. सिंथेटिक साडी सरसरते, म्हणून घरातल्या सगळ्या साड्या सुती. ती मंगळसूत्र कधी घालते हे कंटिन्युइटीच्या वहीत वेगळ्या रकान्यात आहे: सासूबाई आल्या की, आणि व्हिडिओ कॉलवर माहेरचे असले की. एरवी ते फ्रिजवरच्या चुंबकाला अडकवलेलं असतं.

कुकरची शिट्टी टेकवर कधीच घ्यायची नाही. भांडणाच्या प्रसंगात तीन शिट्ट्या तीन ठरावीक वाक्यांवर येतात. त्या संवादात मिसळल्या तर संकलनात एक फ्रेमही हलवता येत नाही. कुकरमध्ये नुसतं पाणी, शिट्टी काढून ठेवलेली, वाफ खरी. शिट्ट्या दुपारी स्वयंपाकघर रिकामं असताना वेगळ्या घेतल्या.

१९ डिसेंबर : पोहे

पोहे त्याच्याकडे, शेवेचा डबा तिच्याकडे. एक किलो कोरड्या पोह्यांत बारा ते चौदा प्लेटा होतात. प्रत्येक टेकला नवी प्लेट लागते, म्हणून अडीच किलो भिजवले आणि इंदुरी पद्धतीने उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवले. नाहीतर लाइटखाली पाच मिनिटांत वरचा थर कडक होतो. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) शेवटी, कॅमेरा चालू व्हायच्या आधी. आधी घातलं तर ते ओल शोषून काळपट दिसतं.

शेवेचं गणित उलटं आहे. दिसायला कुरकुरीत हवी आणि ऐकायला नको. वाइड शॉटला ताजी शेव. संवादाच्या क्लोजअपला दहा मिनिटं पोह्यांवर मऊ पडलेली, म्हणजे चावताना शब्द बुडत नाहीत. कुरकुर वेगळी ध्वनिमुद्रित केली. हळदीचे डाग बोटांवर आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर चढत जातात, त्यामुळे शर्ट तीन आणि प्रत्येक टेकनंतर लिंबाने बोटं साफ.

२३ डिसेंबर : सासूबाई येतात

पट्टी लपवायला सतरंज्या. हॉल १५ फूट, सतरंजी सहा फुटांची. दोन टाकल्या तरी तीन फूट उघडे राहतात, तिथे योगाची चटई घडी करून. सासूबाई नेमक्या चटईवर बसतात. "आई, इथे नको, गार आहे" एवढंच वाक्य, आणि कॅमेरा घोट्याच्या उंचीवर. चटई सरकू नये म्हणून खाली दुहेरी टेप लावली होती. ती मास्किंग टेपला धरते आणि चटई उचलताना पट्टीच उखडून येते. दोन टेपांच्यामध्ये बटर पेपर घातल्यावर चाललं.

२८ डिसेंबर : सराफा

ती स्त्रीधन मोजायला सराफ्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारात येते. स्त्रीधनावर मालकी फक्त तिची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार खटल्यात ठरवलेलं आहे, त्यामुळे नवरा नुसताच सोबत आला आहे. सराफ मंगळसूत्र तराजूत टाकतो, काळ्या मण्यांचं वजन वजा करतो, निव्वळ सोन्याचा आकडा कागदावर लिहितो. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो कमी असतो. हा वजा करण्याचा क्षण पूर्ण दाखवायचा, सूचक कट नको. वजनकाट्याचा डिजिटल आकडा साध्या शटरवर लुकलुकतो, तिथे शटर जुळवून घेतलं.

मग दुकानं मिटतात आणि त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. दोघं भुट्ट्याचा कीस खात उभी राहतात. गर्दी कॅमेऱ्याकडे बघते, म्हणून ८५ मिमी लेन्स, पहिल्या मजल्यावरून, खाली फक्त दोन नट आणि एक सहायक. दोघांना लेपल, शिवाय संवाद पुन्हा डब करायची तयारी, कारण दुकानांतली चालू गाणी आवाजात आली तर त्यांचे हक्क घ्यावे लागतात.

४ जानेवारी २०२५ : उन्हाळा, हिवाळ्यात

डिसेंबर-जानेवारीत इथे भर दुपारी सूर्य जेमतेम ४४-४५ अंशांवर असतो. सात फुटांवरच्या चौकटीतून ऊन सात फूट आत येतं आणि थेट पट्टी ओलांडतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. म्हणजे फरशीवर कवडसा दिसला की प्रसंग हिवाळ्याचा, प्रेक्षकाला कारण कळो न कळो. उन्हाळ्याच्या प्रसंगांसाठी खिडकीबाहेर कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) लावून थेट ऊन तोडलं, ट्रेसिंग पेपर लावला आणि थर्मोकोलवरून पांढरा उजेड उडवला. कूलर, वाळ्याच्या ओल्या जाळ्या, कपाळावर ग्लिसरीन-पाणी. आमरसाला डब्यातला गर. पावसाळ्याला घरात वाळत घातलेले कपडे आणि काचेवर फवारा. दोरी पट्टीच्या वरून आडवी बांधलेली असल्यामुळे कुणाचे कपडे कुठल्या बाजूला, हाही एक नियम झाला.

९ जानेवारी : कुटुंब न्यायालय

खऱ्या न्यायालयात चित्रीकरण नाही. शाळेच्या एका खोलीत सेट. साक्षीदाराचा कठडा नको, हातोडा तर मुळीच नको. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. लांब टेबल, स्टीलची कपाटं, लाल फितीच्या फायली, बाहेर बाकावर बसलेली माणसं.

संमती मागे कोण घेतं, हे दोन्ही तऱ्हांनी चित्रित करायची सूचना होती. ती नाकारली. नटांना शेवट ठाऊक नसेल तर आधीच्या प्रत्येक प्रसंगात त्यांची नजर डळमळते.

२७ जानेवारी : संकलन

चित्रीकरणाच्या फाइली प्रोरेस ४२२ एचक्यू प्रकारच्या, यूएचडी, तासाला ३१८ जीबी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी, चेकसम (प्रत हुबेहूब आहे का ते सांगणारा आकडा) जुळवूनच कार्ड रिकामं.

पहिल्या जुळणीत मधला भाग रेंगाळतो. कारण सापडलं: तीन सलग प्रसंगांत एकच नियम मोडला जातो, पासवर्डचा. त्यातला एक काढला, एक पावसाळ्यानंतर नेला. तापाच्या प्रसंगात संगीत नको, नुसता त्याच्या बाजूचा रूम टोन, आणि पट्टी ओलांडताच तिच्या बाजूची फ्रिजची घरघर.

१८ फेब्रुवारी : उरलेलं काम

दोन्ही बेलांचे सूर थोडे वेगळे करून परत ध्वनिमुद्रित करायचे. सध्या कोणती कुणाची ते कळत नाही. सराफ्यातल्या चार ओळी डब. वजनकाट्याचा एक पॅच-शॉट (नंतर घेऊन जोडायचा शॉट). मराठी आणि हिंदी उपशीर्षकं, इंदुरी बोली उपशीर्षकांत सरळ न करता. डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) २४ फ्रेमचाच, १९९८ बाय १०८०. प्रमाणपत्रासाठी २०२४ च्या नव्या नियमांतल्या वयोगटांपैकी यूए १३+ (तेरा वर्षांखालच्यांना पालकांच्या मार्गदर्शनाने) साठी अर्ज. पटकथेत त्याहून वर नेणारं काही उरलेलं नाही.